उदगीरचा माग, नांदेडची शिलाई आणि बाजारातला चकाकता झेंडा

१४ ऑगस्टची संध्याकाळ. ग्रामपंचायतीचे लोखंडी कपाट उघडून शिपाई झेंडा बाहेर काढतो. १ मेला उतरवून घडी करून ठेवलेला असतो. उलगडून पाहावे तर हिरव्या पट्टीला उंदराने कुरतडलेले.

"भाऊसाहेब, झेंडा तर गेला की हो!"

ग्रामसेवक घड्याळाकडे बघतात. "आता या वक्ताला नांदेडला कोण जाणार, मामा? चौकातल्या दुकानातून आणा एक. पावती तेवढी घ्या."

"आणतो. पण तो लई पातळ असतो बघा. निस्ता चकाकतो."

"चालतंय की. आता कायद्यानंच चालतंय."

नाव कोणत्याही गावाचे घाला, हा संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे होतो. ग्रामसेवकाचे (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) म्हणणे अगदीच खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. आणि त्या उरलेल्या अर्ध्यात आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या माणसांची भाकरी अडकली आहे. कारण खादीचा तिरंगा देशात मोजक्याच ठिकाणी तयार होतो आणि त्यातले एक ठिकाण आपले नांदेड आहे. त्याचे कापड विणले जाते लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. मराठवाड्याच्या खेड्यातला माणूस या दोन्ही गावांना बाजाराला जातो, दवाखान्याला जातो, लग्नाच्या बस्त्याला जातो. पण तिरंगा इथे बनतो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्याकडे झेंडा चार वेळा चढतो

उरलेल्या महाराष्ट्रात शासकीय ध्वजारोहण वर्षातून तीनदा होते. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मराठवाड्यात चौथा दिवस आहे, १७ सप्टेंबर. त्याचे कारण शाळेतल्या लेकरांनाही पाठ असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपण निजामाच्या राजवटीत होतो. तिरंगा हातात धरणे हाच गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. पुढे तेरा महिने रझाकारांचा जाच सोसावा लागला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. ज्या झेंड्यासाठी इथल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, तो झेंडा खादीचाच होता.

खादी आणि झेंडा यांचे नाते तिथूनच आहे. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर मधोमध चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज मंजूर केला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. पण चरखा झेंड्यावरून गेला तरी झेंड्याच्या कापडात राहिला. हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापडच ध्वजासाठी वापरायचे, असा नियम पुढे कित्येक वर्षे टिकला. देशात मालाचा दर्जा ठरवणाऱ्या मानकांची जी यादी सुरू झाली, तिच्यातले पहिलेच मानक, 'आयएस १', राष्ट्रध्वजाचे आहे.

मुक्तिसंग्रामातून तयार झालेल्या पिढीने मराठवाड्यात खादीचे काम उभे केले. त्यातूनच नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती १९६७ साली स्थापन झाली. आज इथला ध्वज राज्याबाहेरही जातो.

नियम बदलला तो असा

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने २००२ च्या ध्वजसंहितेत दुरुस्ती केली. आधी फक्त हातकताई-हातविणाईच्या सुती, लोकरी वा रेशमी खादीला परवानगी होती. आता यंत्रावर तयार केलेला ध्वज चालतो आणि कापडात पॉलिस्टरही चालते. पाठोपाठ २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली. घराघरावर झेंडा लागणार म्हटल्यावर इतके झेंडे खादीच्या मागावर निघणे शक्यच नव्हते, हे मान्य केले पाहिजे. सुरतच्या गिरण्यांना मोठमोठ्या ऑर्डरी मिळाल्या. त्याच महिन्यात केंद्राने खुलासा केला, की ध्वज कोणत्याही कापडाचा असो, त्यावर जीएसटी नाही. म्हणजे करातही खादीला वेगळी सवलत राहिली नाही.

या बदलाची झळ सगळ्यात आधी बोलून दाखवली ती कर्नाटकातल्या हुबळीच्या खादी ग्रामोद्योग संघाने. ध्वजासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना मिळवलेली ही नावाजलेली संस्था. जुलै २०२२ मध्ये तिथल्या खादी संस्था आंदोलनाला उतरल्या. मागणी एवढीच होती, की ध्वजाचे काम खादीकडेच राहू द्या.

आता परदेशी मालाचे बघू. २०१९ मध्ये केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाने ध्वजसंहितेत न बसणाऱ्या राष्ट्रध्वजांच्या आयातीवर बंदी घातली होती. त्या वेळी संहितेत फक्त खादी होती, म्हणून परदेशी गिरणीतला पॉलिस्टरचा झेंडा आपोआप बंदीत येत होता. संहितेतच पॉलिस्टर बसल्यावर, निदान कापडाच्या मुद्द्यावर तरी, माल अडवण्याचा आधार ढिला झाला. चीनमधून येणाऱ्या झेंड्यांची आणि झेंड्याच्या कापडाची चर्चा तेव्हापासूनच वाढली. चौकातल्या दुकानात टांगलेला झेंडा सुरतेचा की समुद्रापलीकडचा, हे दुकानदारालाही पुष्कळदा सांगता येत नाही. त्याच्यावर तसे लिहिलेलेच नसते.

हा प्रश्न फक्त आपल्यापुरता नाही. अमेरिकेतही स्वतःच्या देशाचे झेंडे चीनमधून येतात म्हणून वर्षानुवर्षे ओरड होती. शेवटी जुलै २०२४ मध्ये तिथे कायदा झाला. केंद्र सरकारने विकत घ्यायचा राष्ट्रध्वज पूर्णपणे त्याच देशात, त्याच देशातल्या मालातून तयार झालेला पाहिजे. लोकांनी घरावर कोणता झेंडा लावावा, यात त्या कायद्याने हात घातला नाही. सरकारी पैशातून घ्यायच्या झेंड्यापुरतीच अट घातली. ही गोष्ट आपल्या सरपंच मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक झेंडा किती हातांतून जातो

खादीच्या झेंड्याचा प्रवास कापसापासून सुरू होतो. सरकी काढलेली रुई पिंजून तिचे पेळू होतात. पेळूपासून चरख्यावर सूत निघते. हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात, घरचा स्वयंपाक-पाणी उरकून. १००० मीटर सुताची एक गुंडी. १ एप्रिल २०२५ पासून खादी आयोगाने कताईचा दर गुंडीमागे १५ रुपये केला, त्याआधी तो साडेबारा रुपये होता. म्हणजे एक किलोमीटर लांबीचे सूत काढावे तेव्हा पंधरा रुपये पदरात पडतात. गुंड्या जास्त निघाल्या आणि वर्षभर काम राहिले, तरच त्याला मजुरी म्हणायचे.

पुढे सूत मागावर येते. ताणा ताणायचा, फणीतून एकेक धागा ओवायचा, मग पायाने पावड्या दाबत हाताने धोटा फेकायचा. झेंड्याचे कापड साध्या खादीपेक्षा जास्त काटेकोर लागते. धाग्यांची संख्या, वजन, ताकद सगळे ठरलेले. झेंड्याची दोरी ज्या जाड पट्टीतून जाते, त्या पट्टीचे कापड वेगळे असते आणि ते विणणारे कारीगर तर आणखी थोडे. उदगीरचे कापड धुलाई-रंगाईसाठी अहमदाबादला जाते आणि पुन्हा नांदेडला येते. इथे केशरी, पांढरी आणि हिरवी अशा तीन वेगळ्या पट्ट्या मापाने कापून एकमेकींना जोडतात, चक्र छापतात, जाड पट्टी शिवतात, दोरी ओवतात आणि दोरीला लाकडी खुंटी बांधतात. एका पट्टीत दोन सुतांचा फरक आला तरी झेंडा बाजूला काढावा लागतो.

पॉलिस्टरचा मार्ग सरळ आहे. धागा खनिज तेलापासून तयार होतो. कापड यंत्रावर निघते. तीन रंग आणि चक्र एकाच कापडावर छापले जातात. तासाभरात हजारो झेंडे. त्यात पट्ट्या जोडायच्या नाहीत, हाताचे काम फारसे उरत नाही. म्हणून तो स्वस्त पडतो.

पॉलिस्टरची बाजूही ऐकली पाहिजे

खादीचे गुणगान करताना पॉलिस्टरला शिव्या देऊन भागणार नाही. पॉलिस्टरचा झेंडा हलका असतो, थोड्या वाऱ्यावर फडफडतो. पावसात भिजला तरी लवकर वाळतो. खादी पाणी पिते, जड होते आणि मग काठीला चिकटून बसते. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर दोन्ही पावसाळ्यात येतात, हे विसरून चालत नाही. जुलै २०२२ पासून झेंडा रात्रंदिवस लावायला परवानगी आहे. तसा कायम उन्हापावसात ठेवला तर खादीचा रंग उडतो, कडा विरतात. घरावर तीन दिवस झेंडा लावणाऱ्या रोजंदारीच्या माणसाने स्वस्तातला झेंडा घेतला, तर त्याच्या देशप्रेमाकडे बोट दाखवायचे कारण नाही.

पण स्वस्तातल्या मालाचे दुखणे वेगळे आहे. घाईत लाखोंनी छापलेल्या झेंड्यांत माप चुकते. २०२२ च्या मोहिमेत ठिकठिकाणाहून तक्रारी आल्या. कुठे चक्र मधोमध नाही, कुठे पट्ट्या कमी-जास्त, कुठे लांबी-रुंदी जुळत नाही. आणि दुसरे, कार्यक्रम संपल्यावर हे झेंडे जातात कुठे? शेतकऱ्याला प्लॅस्टिक काय करते ते सांगायला नको. नालीत, बांधावर, उकिरड्यात पडलेले पॉलिस्टर वर्षानुवर्षे कुजत नाही. फाटलेला ध्वज खासगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा असे संहिता सांगते. सुती झेंड्याची राख होते. पॉलिस्टर वितळून काळा गोळा होतो आणि धूर डोळ्यांत जातो.

कापसाच्या भावाचे काय?

कोणी शेतकरी विचारील, "खादीचा झेंडा घेतला तर आमच्या कापसाला भाव मिळेल का?" याचे उत्तर सरळ हिशेबाने देऊ.

नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके मिळून दोन हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीने वर्षाला सहा फूट बाय चार फुटांचा एक खादीचा झेंडा घेतला असे धरा. चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम कापड धरले, तर एका झेंड्याला अर्ध्या किलोच्या आत रुई लागते. दोन हजार झेंड्यांना साडेआठशे-नऊशे किलो, म्हणजे १७० किलोच्या पाच गाठी. कपाशीच्या भाषेत पंचवीस क्विंटल. कोरडवाहू पाच-सहा एकरांतला माल झाला. नांदेड-४४ सारखे वाण ज्या भूमीने देशाला दिले, तिथे पाच गाठींनी भाव हलणार नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मात्र हाच हिशेब मजुरीच्या बाजूने करा. पाच गाठी रुई गिरणीच्या तोंडात किती वेळ टिकणार? तीच रुई चरख्यावर आणि मागावर आली, की कातणारी, विणणारा, कापणारा, शिवणारी, चक्र छापणारा अशा कितीतरी घरांना दिवसच्या दिवस काम देते. ज्या बाईला शेतात निंदण-खुरपण संपल्यावर दुसरे काम नसते, जिला ऊसतोडीला मुलुख सोडायचा नसतो, तिच्यासाठी हा दाराशी आलेला रोजगार आहे. खादीच्या झेंड्याचा भाव जास्त वाटतो, कारण त्यात मजुरी जास्त आहे. ती मजुरी आपल्याच भागात राहते.

आणि ही कला एकदा मोडली तर पुन्हा बसत नाही. झेंड्याचे जाड पट्टीचे कापड विणणारा कारीगर म्हातारा झाला आणि त्याच्या पोराने काम नाही म्हणून पुण्याची गाडी धरली, तर पुढे पैसे दिले तरी ते कापड मिळणार नाही. नांदेडच्या जुन्या कापड गिरण्यांचे भोंगे बंद झालेले आपण पाहिले आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा निदान चर्चा झाली. माग बंद पडतो तेव्हा शेजाऱ्यालाही कळत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

सुरुवातीच्या संवादाकडे परत येऊ. "आता कायद्यानंच चालतंय" हे अर्धे खरे का, ते ध्वजसंहितेच्या तिसऱ्या भागात आहे. शासकीय ध्वजारोहणासाठी भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बसणारा आणि ब्युरोचे चिन्ह असलेलाच ध्वज वापरावा, असे तिथे म्हटले आहे. चौकातला चकाकता झेंडा घरावर चालेल. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या खांबावर चढवताना चिन्ह पाहिले पाहिजे. ही अट खादीच्या झेंड्यालाही लागू आहे. खादी भांडारातून घेतला तरी मोघम घेऊ नका, चिन्ह आणि माप विचारून, बघून घ्या.

माप घेणे अवघड नाही. घरातला टेप पुरतो.

१. लांबी आणि उंची तीनास दोन असावी. सहा फूट लांब असेल तर चार फूट उंच, तीन फूट लांब असेल तर दोन फूट उंच.

२. तिन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या असाव्यात. केशरी वर, हिरवी खाली.

३. चक्र पांढऱ्या पट्टीच्या मधोमध, निळ्या रंगाचे, २४ आऱ्यांचे असावे आणि दोन्ही बाजूंनी दिसावे. १८०० बाय १२०० मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्राचा व्यास ३७० मिलिमीटर, ९०० बाय ६०० वर १८५ मिलिमीटर.

४. झेंड्यावर काहीही लिहिलेले, गावाचे वा देणगीदाराचे नाव छापलेले नसावे.

५. फाटका, विटका झेंडा चढवू नये. उतरवल्यावर ओला असेल तर सावलीत वाळवून, कोरड्या कापडात गुंडाळून, उंदीर लागणार नाही अशा पेटीत ठेवावा. खादीचा झेंडा असा जपला तर वर्षातल्या चारही दिवसांना पुरतो. तसे केले तर महाग-स्वस्ताचा फरकही बराच कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाचे, झेंडा १४ ऑगस्टला आठवू नये. खादीच्या कामाला वेळ लागतो. सगळ्यांची मागणी जुलै-ऑगस्ट आणि जानेवारीत एकदम येते आणि मधल्या महिन्यांत माग रिकामे राहतात. मासिक सभेत मे-जूनमध्ये ठराव घ्या, गावातली ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, सोसायटी मिळून किती झेंडे लागतात ते मोजा आणि एकत्र मागणी नोंदवा. पंचायत समितीने तालुक्याची यादी एकत्र केली तर आणखी सोयीचे. आगाऊ मागणी आली की संस्थेला सूत घ्यायला, विणकराला काम द्यायला आधार मिळतो. खर्च ग्रामनिधीतला, रक्कम लहान, पावती पक्की, साठा नोंदवहीत नोंद. ऑडिटला विचारायला जागा नाही.

कायदा आता खादीच्या पाठीशी पूर्वीसारखा उभा नाही. कोणते कापड घ्यायचे ते घेणाऱ्यावर सोडले आहे. म्हणजे उदगीरच्या मागाचे पुढे काय होणार, हे दिल्लीत जितके ठरेल तितकेच आपल्या गावच्या मासिक सभेतही ठरेल. सरपंच, सदस्य, मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी यांच्या हातात ही एक सही आहे.

पुढच्या १७ सप्टेंबरला सकाळी दोरी ओढाल, तेव्हा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जवळ उभे करा. झेंडा त्याच्या हातात द्या. कापडावरून बोट फिरवून तो सांगेल, हे आपल्याकडचे आहे का बाहेरचे.